एका पेशीचे नाव

फुप्फुसात शिरलेली श्वासनलिका फांद्या फुटत फुटत इतकी बारीक होते की शेवटच्या नळ्यांची रुंदी एक मिलिमीटरही उरत नाही. या नळ्यांच्या अस्तरात हलते केस असलेल्या पेशींच्या मध्ये काही बिनकेसांच्या, घुमटासारख्या वर आलेल्या पेशी बसलेल्या असतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी त्या कित्येक वर्षे ‘क्लारा पेशी’ म्हणून पाठ केल्या. क्लारा हे कुणा बाईचे नाव असावे, असाच अनेकांचा समज! प्रत्यक्षात ते एका पुरुषाचे आडनाव होते.

माक्स क्लारा यांचा जन्म 1899 सालचा, आल्प्स पर्वतातल्या दक्षिण टायरॉलचा. हा मुलूख तेव्हा ऑस्ट्रियात होता, पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे गेला. वडील डॉक्टर, मुलगाही डॉक्टर झाला आणि बोल्झानोजवळच्या गावात दवाखाना चालवू लागला. पेशंट तपासून उरलेल्या वेळात तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसे. खेड्यातल्या डॉक्टरने एवढे संशोधन करावे, हे आजही कौतुकाचे वाटेल. त्या लेखांच्या बळावर 1935 मध्ये जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी ते नाझी पक्षाचे सदस्य झाले, पुढे पक्षाच्या प्राध्यापक संघटनेत पदाधिकारीही.

1937 मध्ये त्यांनी श्वासनलिकेच्या अस्तरावरचा तो प्रसिद्ध लेख लिहिला. या पेशी त्यांच्याआधी, 1881 मध्ये, कोलिकर यांच्याही नजरेस आल्या होत्या. पण ससा आणि माणूस यांच्यात त्यांचे बारकाईने वर्णन क्लारांनी केले, आणि त्या स्राव तयार करतात असे सांगितले.

खरी मेख पुढे आहे. हे अस्तर फार नाजूक. मृत्यूनंतर थोड्याच वेळात त्याच्या पेशी सुटू लागतात. प्रयोगशाळेतल्या सशाचे फुप्फुस लगेच रसायनात बुडवता येते. माणसाचे ताजे फुप्फुस कुठून आणायचे? क्लारांना ते देहदंड दिलेल्या कैद्यांकडून मिळाले. नाझी राजवटीत असे दंड भराभर वाढत गेले आणि क्षुल्लक गुन्ह्यांसाठी, राजकीय विरोधासाठीही माणसे मारली जाऊ लागली. त्यांचे देह शरीररचनेच्या विभागांत पोहोचत. कैद्यांची किंवा नातलगांची संमती कुणी विचारली नाही. दुसऱ्या एका अभ्यासात तर मृत्यूआधी एका कैद्याला क जीवनसत्त्व देऊन नंतर त्याच्या ऊती तपासल्या गेल्या. इथे मेलेल्याचा अभ्यास आणि जिवंत माणसावरचा प्रयोग यातली रेघही पुसली गेली.

1942 मध्ये ते म्युनिकला गेले. 1945 च्या पराभवानंतर पद गेले. पुढे इस्तंबूलमध्ये ते पुन्हा प्राध्यापक झाले, आणि 1966 मध्ये वारले. तोवर पेशीला त्यांचे नाव चिकटलेले होते, आणि पेशीचे खरे कुतूहल त्यानंतरच वाढले.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर संशोधकांनी माउस, रॅट, हॅमस्टर, गिनी पिग, ससा यांची फुप्फुसे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पेशी एकच, पण संसार वेगळे! माउसमध्ये ती थेट मुख्य श्वासनलिकेपासून खालपर्यंत भरलेली. माणसात मुख्यत्वे शेवटच्या बारीक नळ्यांत, तीही थोडी. माउसच्या पेशीत रसायने मोडणाऱ्या पडद्यांची दाटी असते, माणसाच्या पेशीत ती फारच कमी. याचा परिणाम साधा नाही. कपाटातल्या डांबरगोळ्यांत असणारे नॅप्थलीन माउसच्या शरीरात गेले की याच पेशी त्याचे विषारी रूप तयार करतात आणि स्वतःच मरतात. रॅटच्या फुप्फुसावर तेवढ्याच मात्रेचा फारसा परिणाम दिसत नाही. मग उंदरावरून माणसाचा धोका ठरवायचा तरी कोणत्या उंदरावरून? (डांबरगोळ्या मुलांच्या हाताला लागू देऊ नयेत, हे मात्र वेगळ्या कारणांनी खरेच: पोटात गेल्यास रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात.) वाचलेल्या थोड्या पेशी वाढून काही आठवड्यांत अस्तर पुन्हा भरतात, हेही माउसनेच दाखवले.

2010 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी क्लारा यांच्या कामामागचा तपशील पुन्हा मांडला. त्यानंतर छातीच्या विकारांवरच्या प्रमुख नियतकालिकांनी ठरवले, की 2013 पासून या पेशीला ‘क्लब पेशी’ म्हणायचे. क्लब म्हणजे गदा. पेशीचा फुगीर माथा पाहता नाव शोभतेही. वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून पहिली दोन वर्षे जुने नाव कंसात छापायचे ठरले. ज्या कैद्यांच्या फुप्फुसांत ही पेशी पाहिली गेली, त्यांची नावे 1937 च्या लेखात नाहीत.