देवळालीचे अंकवेडे मास्तर

फरीदाबाद, १७ जानेवारी : फरीदाबादच्या पिनकोडचे पहिले तीन अंक १२१, म्हणजे ११ चा वर्ग. १११ चा वर्ग १२३२१. सलग नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहावा एक जोडताच हातचा येतो आणि हा डौल मोडतो. या कुळातील संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. डोंबिवली स्थानकाचे ते जुने नाव.

१९०५ मध्ये आजच्याच दिवशी डहाणूत जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नव्हती. प्रस्थापित गणितज्ञांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. अनेक पुस्तिका त्यांनी पदरमोड करून छापल्या. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ही संख्या मांडली. चारही अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती वजा करावी. हीच कृती पुन्हा पुन्हा केल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. मुलालाही जमावे असे हे गणित!

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकी मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.