संपादकाने रस्त्यावर आणलेला उत्सव

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल देहूरोड, बेगडेवाडी मागे टाकते आणि तळेगावच्या आधी क्षणभर एका छोट्या स्टेशनावर थांबते. ते आमचे घोरावाडी. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी इथे राहायला आलो. गेल्या श्रावणात इथल्या गणपती मंडळाची चार मुले पावतीपुस्तक घेऊन आली. वर्गणी घेऊन झाल्यावर त्यांच्या खजिनदाराने मोबाइलवर मला ब्राझीलमधल्या रिओ शहराच्या कार्निव्हलची मिरवणूक दाखवली. पिसांचे मुकुट, घराएवढे चित्ररथ, शेकडो ढोल! आपलीही मिरवणूक अशी व्हायला हवी, असे त्याचे म्हणणे होते. आणि जाता जाता, काकांनी लोकमान्य टिळकांवर दहा मिनिटे बोलावे, अशी विनंतीही त्याने केली.

मी हो म्हणालो खरा, पण रिओ आणि टिळक ही जोडी काही मनातून जाईना.

कार्निव्हल म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाआधीची धमाल. पोर्तुगीजांनी ती ब्राझीलला नेली, तशी गोव्यातही आणली. गोव्यात तिला इंत्रुज म्हणतात. ब्राझीलमध्ये एकमेकांवर पाणी उडवण्याचा जो जुना खेळ होता, त्याचे नावही त्याच मुळातले. पण आज जग डोळे विस्फारून पाहते तो सांबाचा कार्निव्हल गुलामांच्या वंशजांच्या वस्त्यांतून आला. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली १८८८ साली, तरी त्यानंतर कित्येक वर्षे सांबा वाजवणाऱ्यांच्या मागे पोलीस लागत. १९३२ साली मारिओ फिल्यो नावाच्या एका संपादकाने आपल्या क्रीडापत्रातर्फे सांबा मंडळांची पहिली स्पर्धा भरवली. फुटबॉलचा हंगाम संपला होता आणि पाने भरायला बातम्या हव्या होत्या! वस्तीतला नाच असा वर्तमानपत्राच्या पानावर आला, आणि १९३५ साली त्याला सरकारमान्यताही मिळाली.

आमच्याकडे हे काम त्याच्या अडतीस वर्षे आधी दुसऱ्या एका संपादकाने केले होते.

बाळ गंगाधर टिळक १८५६ साली रत्नागिरीत जन्मले. गणित त्यांच्या आवडीचा विषय. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, तेव्हा ते तिथे गणित शिकवू लागले. पुढच्याच वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली. सहकाऱ्यांशी मतभेद होऊन १८९० साली त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, आणि हा गणिताचा शिक्षक पुरता संपादक झाला. या माणसाचे सगळेच आज पटते असे नाही. १८९१ साली मुलींच्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी केलेला विरोध वाचताना मान खाली जाते. पण लोक कुठे जमतात आणि का जमतात, हे त्यांच्याइतके त्या काळी थोड्यांनाच कळले होते.

गणपती घरोघरी होताच. तो चौकात आणायला सुरुवातही टिळकांनी एकट्याने केली नाही. कृष्णाजीपंत खासगीवाले ग्वाल्हेरचा सार्वजनिक उत्सव पाहून आले होते, आणि पुण्यात भाऊसाहेब रंगारींसारखी मंडळी कामाला लागली होती. टिळकांनी १८९३ च्या सप्टेंबरात ‘केसरी’तून त्यांची पाठ थोपटली आणि १८९४ साली विंचूरकर वाड्यात स्वतः गणपती बसवला. त्याआधी पुण्यातले हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेने सामील होत. १८९३ च्या मुंबईतल्या दंग्यानंतर हे चित्र पालटले, आणि नव्या उत्सवाने ते लोक आपल्याकडे ओढून घेतले. या उत्सवाने माणसे जोडली, तशी काही जुनी सोबत तोडलीही. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

उत्सवाचा खरा प्राण होते मेळे. एकसारखा पोशाख केलेली मुले लेझीम खेळत, कवायत करत, पदे म्हणत फिरत. देवाची पदे म्हणता म्हणता ती सरकारवर कधी घसरत, ते सरकारला उशिराच कळले. सभेला बंदी घालता येते, आरतीला कशी घालणार? १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, १९०८ साली सहा वर्षांची. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. तिथे असतानाच १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना मिळाली. तेवढ्या काळात सहा गणेशोत्सव त्यांच्यावाचून झाले. सरकारने मेळ्यांवर निर्बंध घातले, पण उत्सव थांबला नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत टिळक गेले. त्यानंतर काही वर्षांतच पुण्यात ब्राह्मणेतरांचा छत्रपती मेळा टिळकांच्याच अनुयायांवर बोचरी पदे म्हणत फिरू लागला. उत्सव सुरू करणाऱ्याच्या मुठीत राहिला नव्हता. माझ्या मते तो खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाला तो तेव्हा.

माझे वडील लहानपणी मेळ्यात गात. नव्वदीला टेकल्यावरही त्यांना ती पदे पाठ होती. त्यांच्या अखेरच्या वर्षी विसर्जनाच्या रात्री घरासमोरून ध्वनिक्षेपकांच्या भिंती गेल्या. खिडक्यांची तावदाने थरथरत होती. वडील छातीवर हात ठेवून, डोळे मिटून पडले होते. हे कधी थांबेल, एवढेच त्यांनी मला दोनदा विचारले. ज्या उत्सवाने त्यांना चारचौघांत तोंड उघडायला शिकवले, त्याचीच त्यांना भीती वाटत होती. ती रात्र मी विसरू शकलेलो नाही.

मांडवात बोलायला उभा राहिलो तेव्हा मी मुलांना एवढेच सांगितले, की रिओची ती भव्य मिरवणूक वस्तीतली माणसे वर्षभर खपून उभी करतात. शिवणारे, रंगवणारे, वाजवणारे, गाणी रचणारे सगळे तिथलेच. आपले मेळेही तसेच होते. भाड्याने आणलेल्या आवाजात आपला आवाज कुठे असतो? मग वडिलांची गोष्ट सांगितली. निम्म्या मुलांनी ऐकली, निम्मी रोषणाईच्या वायरी ओढत होती.

विसर्जनाला ध्वनिक्षेपक आलेच. मात्र आमच्या गल्लीत शिरताना मुलांनी ते बंद केले आणि नुसता ढोल वाजवला. दोन दिवसांनी खजिनदार जमाखर्चाची वही घेऊन आला. अकरा रुपयांचा मेळ बसत नव्हता. बँकेत आयुष्य गेले असले तरी मला तो लगेच सापडला नाही. रात्री साडेदहापर्यंत आम्ही दोघे बसलो होतो. चूक त्यानेच शोधली.