वि. स. खांडेकर : ताटातूट आणि पुनर्भेट

वि. स. खांडेकर यांच्या ‘क्रौंचवध’ (१९४२) या कादंबरीचा विचार बहुधा गांधीवाद आणि समाजवाद यांच्या संदर्भात केला जातो. तो अप्रस्तुत नाही. परंतु या कादंबरीची मूळ चौकट राजकीय नाही. ती कोवळ्या वयात मनाने एकत्र आलेल्या, पुढे दुरावलेल्या आणि फार उशिरा समोरासमोर आलेल्या दोघांची आहे. ही चौकट खांडेकरांच्या हाती कोठून आली, याचा शोध त्यांच्या चरित्रातून घेता येतो.

खांडेकरांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीस झाला. त्यांचे जन्मनाव गणेश आत्माराम. वडिलांचे छत्र लवकर हरपले. १९१३ साली ते मॅट्रिक झाले व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. पुण्यात त्यांना राम गणेश गडकऱ्यांचा सहवास लाभला. त्यांच्या शैलीवरील कल्पनांचा भार येथूनच सुरू होतो, असे म्हणावयास हरकत नाही. १९१६ साली सखाराम खांडेकर या चुलत्यांना ते दत्तक गेले आणि गणेश आत्मारामचे विष्णु सखाराम झाले. सांगलीचे मित्र, पुण्याचे महाविद्यालय, सारे मागे पडले. वाट्याला आले ते सावंतवाडी संस्थानातील नानेली हे खेडे आणि तेथील हिवताप. शिक्षण तुटले ते तुटलेच.

दत्तकविधान ही त्या काळच्या कुटुंबव्यवस्थेतील नित्याची घटना असली, तरी अठराव्या वर्षी नाव बदलणे आणि पाच वर्षांचा असताना नाव बदलणे यांत फरक आहे. अठरा वर्षांच्या मुलाला आपले पहिले नाव आठवत असते आणि ते नाव घेऊन हाक मारणारी माणसे दूर कोठेतरी असतात. ‘क्रौंचवधा’तील दिनकर हा सुलोचनेच्या लेखी दिलीप असतो, हे येथे आठवावे. एका माणसाची दोन नावे आणि त्यांपैकी एक केवळ जिव्हाळ्याच्या माणसाचे, ही योजना निव्वळ कालिदासप्रेमातून आली असेल असे मला वाटत नाही. अर्थात, कादंबरी म्हणजे सांकेतिक आत्मचरित्र नव्हे, हे भान सुटता कामा नये.

१९२० साली खांडेकर शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. वेंगुर्ले तालुक्यातील हे गाव तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते; सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. एका बाजूस समुद्र, दुसरीकडे मिठागरे, दक्षिणेस गोव्याची हद्द, आणि तुटपुंज्या वेतनावर चालणारी शाळा. येथे त्यांनी अठरा वर्षे काढली, पुढे मुख्याध्यापकही झाले. शिरोड्याचा उल्लेख त्यांच्या चरित्रात नेहमी दारिद्र्यदर्शनाची शाळा म्हणून केला जातो. त्याला एक जोड द्यावीशी वाटते. रत्नागिरी जिल्हा हा ताटातुटीचाच जिल्हा होता. एका वाडीत वाढलेल्या मुलामुलींपैकी मुलगा आगबोटीने मुंबईस जाई. मुलीचे लग्न तोवर ठरून गेलेले असे. चाकरमानी वर्षा-दोन वर्षांनी गणपतीला किंवा शिमग्याला परते, तेव्हा भेट होई. पण ती दोन परक्या संसारांतील माणसांची भेट असे. शिक्षकाच्या डोळ्यांसमोर अशी मुले पिढीमागून पिढी जात असतात. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, आणि घर सोडून जाण्याचे आणखी एक कारण त्या भूमीत रुजले : तुरुंग.

त्याच वर्षी त्यांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ प्रसिद्ध झाली. पाठोपाठ ‘कांचनमृग’ (१९३१), मग ‘दोन ध्रुव’ व ‘उल्का’ (१९३४). ‘छाया’ (१९३६) या चित्रपटाच्या कथेने मास्टर विनायकांशी संबंध जुळला आणि १९३८ साली खांडेकर कोल्हापुरास आले. चित्रपटकथांच्या धावपळीबद्दल येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. ‘पहिले प्रेम’ (१९४०) मात्र महत्त्वाची. पहिले प्रेम तेच खरे, या रूढ समजुतीलाच तिने प्रश्न केला.

‘क्रौंचवधा’त हा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. दादासाहेब हे संस्कृतचे प्राध्यापक. त्यांची कन्या सुलोचना डॉ. भगवंतरावांची पत्नी होते आणि दिलीप लोकलढ्यात उतरतो. पुढे तो फाशीच्या छायेत असताना सुलोचनेचे मन पुन्हा त्याच्याशी भिडते. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त शेवटच्या अंकी राम-सीतेचे मीलन होते आणि करुणरसाचा शेवट गोड होतो. खांडेकरांनी ती वाट घेतली नाही. त्यांच्या पुनर्भेटीत प्रियकर परत मिळत नाही. ज्या आयुष्याकडे पाठ फिरवली, ते काय होते याचे ज्ञान मिळते. क्रौंच पक्ष्याचा वध पाहून वाल्मीकीच्या मुखातून शोकाइतकाच शापही बाहेर पडला, या बाजूवर त्यांनी भर दिला तो यासाठीच. संवादांतील सुभाषितवजा वाक्यांचा आणि उपमांचा पूर आजच्या वाचकाला थकवितो, हे कबूल केले पाहिजे. पण सुलोचनेची अपराधभावना त्या पुरात वाहून जात नाही.

१९४१ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, ‘अश्रु’ (१९५४), ‘ययाति’ (१९५९), तिला १९६० चे साहित्य अकादमी पारितोषिक व १९७४ चे ज्ञानपीठ, हा पुढील क्रम सर्वज्ञात आहे. मात्र तरुण वाचकांनी उराशी धरली ती ‘अमृतवेल’ (१९६७). तिच्यातील नंदाचा वाग्दत्त वर शेखर मृत्यू पावतो. ‘क्रौंचवधा’त निदान उशिराची भेट होती, येथे भेटीची शक्यताच लेखकाने काढून घेतली आहे, आणि नंदाला दुसऱ्यांच्या दुःखाकडे वळविले आहे. एकोणसत्तर वर्षांच्या लेखकाने विशीतील मुलीसाठी शोधलेला हा मार्ग वाचकांना उपदेश वाटला नाही, याचे कारण नंदाचा शोक त्याने आटोपता घेतलेला नाही.

अखेरच्या वर्षांत खांडेकरांची दृष्टी गेली; लेखन ते सांगत व दुसरे उतरवून घेत. २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले. ‘एका पानाची कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९८१ साली, मरणोत्तर प्रसिद्ध झाले. गणेश आत्मारामपासून विष्णु सखारामपर्यंतचा प्रवास अभ्यासकाने तेथेच तपासावा.