निवडुंगातली वाडी

कारखान्याभोवती वस्ती वाढताना आम्ही कुर्लेकरांनी पाहिली आहे. जमशेटजी टाटांनी १८८६ साली इथली धरमसी मिल घेऊन तिची 'स्वदेशी' केली. पण त्या गिरणीला निदान आयतं गाव मिळालं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली मिळाला तो कुंडल रोड स्टेशनजवळचा बत्तीस एकरांचा माळ. निवडुंग माजलेला, सापांनी भरलेला.

वय चाळिशी ओलांडलेलं. चित्रकार व्हायला ते मुंबईत आले, तर डोळ्यांत रंगांधळेपणाचा दोष निघाला. मग व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तरकी. बढती डावलली गेली, तेव्हा राजीनामा देऊन बेळगाव गाठलं. तिथं आधी सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते, या समजुतीपायी शेतकरी नांगराला हात लावेनात. कारखाना कुठे बाळसं धरतो, तोच नगरपालिकेला ती जागा वसाहतीसाठी हवी झाली! घरात राधाबाई, थोरला शंतनू जेमतेम सातव्या वर्षात.

अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली, वर दहा हजार रुपये कर्जाऊ. माझं उभं आयुष्य बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात गेलं, म्हणून इथं मी हमखास थबकतो. तारणाच्या रकान्यात काय लिहिणार? जमीन तर कर्ज देणाऱ्याचीच! मालाला उठाव बेताचा, गिऱ्हाईक बिचकणारं. माझ्या टेबलावर हा अर्ज आला असता, तर शेरा मारून वर पाठवला असता आणि वरून तो नामंजूर होऊन आला असता. राजांनी कागद पाहिला नाही, माणूस पाहिला.

लक्ष्मणरावांनीही पुढे तेच केलं. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे राखणदार नेमलं. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, असा दंडक घातला. त्या काळात, त्या मुलखात हे नांगर विकण्याहून अवघड होतं, असं मला वाटतं.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. १९२० साली वाडीतून मासिकही निघू लागलं आणि ते घरोघरी वाचलं गेलं. लक्ष्मणराव १९५६ साली गेले. कुंडल रोड हे स्टेशनचं नाव मागे पडलं. आता पाटीवर किर्लोस्करवाडी आहे.