खाशाबांना घडवणारे हात

शेतकरी बंधूंनो, कराडशेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तुम्हाला माहीत आहेत. पण त्यांना घडवले कुणी, हे घरातल्या पोरांना कधी सांगितले का?

जन्म १५ जानेवारी १९२६ चा. पहिले वस्ताद म्हणजे वडील दादासाहेब. पाच भावांत हे धाकटे, अंगानेही किरकोळ, म्हणून ताकदीपेक्षा डावावर भर. पुढे कोल्हापुरात बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजींनी तयार केले. पण ताक, तेल, हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीत पाय जसा रुततो, तसा गादीवर रुतत नाही. ते गादीचे तंत्र १९४८ च्या लंडन ऑलिंपिकआधी अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी शिकवले. तिथे सहावा नंबर आला.

१९५२ ला हेलसिंकीला जायला पैसाच नव्हता. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले! ५७ किलो गटात ब्राँझ मिळाले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच सोव्हिएत पैलवानासमोर उभे केले. विश्रांती मागायला आपला एक अधिकारी जवळ नव्हता. असता तर पदकाचा रंग बदलला असता, असे मला तरी वाटते.

गावी शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी मात्र कोल्हापुरात कुस्त्या लढून आधी प्राचार्यांचे घर सोडवले. १९५५ ला पोलिसात फौजदार झाले. १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार आला तो २००० साली.