गृहशास्त्राच्या आद्य प्रवर्तक : एलेन रिचर्ड्स

पाणी गाळणे, धान्य निवडणे, भांडी घासणे ही कामे आपल्या घरोघरी नित्य चालतात. ती इतकी परिचयाची असतात, की त्यांच्या मुळाशी काही शास्त्र असेल हे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. या नित्यकर्मांना प्रयोगशाळेत आणि पुढे विद्यापीठात मानाचे स्थान मिळावे म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या एलेन रिचर्ड्स यांचे चरित्र म्हणूनच प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घेण्यासारखे आहे.

एलेन स्वॉलो हिचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, डन्स्टेबल या गावी झाला. आईवडील दोघेही शिक्षक होते. घरची स्थिती बेताचीच होती. ही एकुलती एक मुलगी आईला घरकामात व वडिलांना दुकानात मदत करी. तिला उच्च शिक्षणाची विलक्षण ओढ होती. परंतु त्या काळी मुलींसाठी महाविद्यालयांची दारे क्वचितच उघडत. शिकवण्या करून, पडेल ते काम करून तिने तीनशे डॉलर साठविले आणि १८६८ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, मुलींच्या व्हॅसर महाविद्यालयात प्रवेश मिळविला. तेथे मारिया मिचेल या विख्यात विदुषी खगोलशास्त्र शिकवीत. त्यांचा एलेनवर मोठा प्रभाव पडला. तथापि आकाशातील ताऱ्यांपेक्षा पृथ्वीवरील माणसांच्या उपयोगी पडेल असे शास्त्र तिला हवे होते. तिने रसायनशास्त्राची कास धरली व १८७० साली पदवी घेतली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात बॉस्टनच्या ‘मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’ या संस्थेने तिला विशेष विद्यार्थिनी म्हणून घेतले. या संस्थेत पाऊल टाकणारी ती पहिली स्त्री होय. तिला शुल्क माफ करण्यात आले. आपली आर्थिक अडचण जाणून हे औदार्य दाखविले गेले, अशी तिची समजूत होती. खरा हेतू तिला मागाहून कळला. कोणी आक्षेप घेतलाच, तर ही आमची विद्यार्थिनीच नव्हे, असे सांगण्याची सोय संस्थेने ठेवली होती! पुढच्याच वर्षी तिचे वडील रेल्वेच्या अपघातात दगावले. दुसरी एखादी खचून गेली असती. एलेनने आपले काम सोडले नाही. सुई, दोरा, कात्री ती नेहमी जवळ बाळगी. कोणाचे बोट कापले तर पट्टी बांधी, मेजावरची धूळ झटकी आणि प्रयोगही इतरांपेक्षा काकणभर सरस करून दाखवी. १८७३ साली संस्थेला तिला पदवी द्यावीच लागली. पुढेही तिने अध्ययन चालू ठेवले. मात्र डॉक्टरेटचा मान संस्थेने तिला कधीच दिला नाही.

१८७५ साली खनिशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी तिचा विवाह झाला. जे दार आपल्यासाठी अर्धेच उघडले, ते इतर मुलींसाठी सताड उघडावे, हा एलेनबाईंचा ध्यास होता. त्यांच्या खटपटीने १८७६ साली संस्थेत स्त्रियांसाठी प्रयोगशाळा निघाली. तेथे बाई वेतन न घेता शिकवीत. विद्यार्थिनींत शाळांतील शिक्षिकांचा भरणा मोठा होता. १८८३ साली ही प्रयोगशाळा बंद झाली. परंतु ते बंद होणे आनंदाचे होते. आता मुली मुलांच्या बरोबरीने संस्थेच्या मुख्य प्रयोगशाळांत शिकू लागल्या होत्या. दुसऱ्याच वर्षी बाई आरोग्यविषयक रसायनशास्त्राच्या अध्यापिका झाल्या आणि अखेरपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, त्या पदावर राहिल्या.

१८८७ मध्ये राज्यातील पाण्याची मोठी तपासणी सुरू झाली. राज्यभरातून आलेले हजारो नमुने बाईंच्या देखरेखीखाली तपासले गेले. त्यातून एक मार्मिक गोष्ट निघाली. समुद्राजवळच्या शुद्ध पाण्यातही मिठाचा अंश थोडा अधिक असतो. किनाऱ्यापासून आत जावे तसतसा तो कमी होतो. तेव्हा एखाद्या गावच्या पाण्यात हा अंश अपेक्षेहून अधिक आढळला, तर तेथे सांडपाणी मिसळत असावे असा संशय घेण्यास जागा होते. त्यावरून सबंध राज्याचा नकाशाच तयार करण्यात आला.

त्यांचे स्वतःचे घर हीदेखील एक प्रयोगशाळाच होती. धूळ धरणारे जड पडदे काढून त्यांनी खिडक्यांत रोपे ठेविली आणि हवा खेळती राहील अशी व्यवस्था केली. विद्यार्थिनी त्यांच्याकडे राहत, कामाला हातभार लावीत आणि त्यातूनच शिकत.

१८९० साली बॉस्टनमध्ये त्यांनी व मेरी एबल यांनी एक सार्वजनिक पाकशाळा काढली. स्वस्त, सकस अन्न मोजून-मापून शिजवावे आणि गरिबांना विकावे, असा बेत होता. पण परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांना ते अळणी अन्न रुचले नाही. त्यांना आपल्या आईच्या हातची चव हवी होती. केवळ शास्त्रशुद्ध असून भागत नाही, माणसाची आवडही जाणावी लागते, हा धडा बाईंना मिळाला. तो प्रयत्न वायाही गेला नाही. १८९४ पासून बॉस्टनच्या माध्यमिक शाळांतील मुलांना याच पाकशाळेतून दुपारचे जेवण मिळू लागले.

१८९९ साली लेक प्लॅसिड येथे या विषयाची पहिली परिषद भरली. तेथे जमलेली मंडळी अवघी अकरा होती. शाळेपासून विद्यापीठापर्यंत हा विषय कसा शिकवावा, याचा विचार पुढे दरवर्षी होत गेला. १९०८ च्या अखेरीस अमेरिकन गृहशास्त्र संघ स्थापन झाला आणि बाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. ३० मार्च १९११ रोजी त्यांचे देहावसान झाले.

गृहशास्त्राची ही परंपरा आपल्या वडोदऱ्यातही रुजली. श्रीमती हंसाबेन मेहता महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू असताना येथे गृहशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. आज ती कुटुंब व समाज विज्ञान विद्याशाखा म्हणून ओळखली जाते. तेथे शिकणाऱ्यांची नावे राजरोसपणे पटावर असतात. जिचे नाव पटावर घेण्यास एक संस्था कचरत होती, त्या स्त्रीने सुई-दोरा आणि परीक्षानळी सारख्याच आदराने हाती धरली, हे त्यांनी व आपण सर्वांनी स्मरणात ठेवावे.