गणिताचा राजा गाउस

कार्ल फ्रीडरिख गाउस यांचा जन्म ३० एप्रिल १७७७ रोजी जर्मनीतील ब्रन्सविक गावी झाला. वडील कधी गवंडीकाम, कधी माळीकाम करीत. आईला लिहिता येत नव्हते. बुधवार होता आणि ख्रिस्ती लोकांच्या एका सणाला आठ दिवस होते, एवढेच तिच्या ध्यानात होते. मोठेपणी मुलाने त्यावरून हिशेब करून आपली जन्मतारीख शोधली!

शाळेत गुरुजींनी १ ते १०० ची बेरीज घातली, तेव्हा छोट्या कार्लने झटकन ५०५० उत्तर दिले अशी गोष्ट सांगतात. १ व १००, २ व ९९, अशा १०१ च्या ५० जोड्या होतात. घरची गरिबी, शिक्षण बंदच पडायचे. पण ब्रन्सविकच्या राजाने खर्च दिला म्हणून ते शिकले.

१ जानेवारी १८०१ ला सीरिस हा लघुग्रह सापडला आणि थोड्याच दिवसांत दिसेनासा झाला. २४ वर्षांच्या गाउसनी आकडेमोड करून तो कुठे दिसेल ते सांगितले. डिसेंबरात तो जवळपास तिथेच सापडला.

आता त्यांच्या नावाची रीत पाहा. एक वही व दोन पेन्सिली ७ रुपये, एक वही व एक पेन्सिल ५ रुपये. वजाबाकी केली की वही जाते, पेन्सिल उरते २ रुपयांना. मग वही ३ रुपयांना. ही रीत सुमारे २००० वर्षांपूर्वी चीनमध्येही ठाऊक होती. गाउसनी पॅलस या लघुग्रहासाठी ६ अज्ञात संख्या अशाच काढल्या.

पण आधी कोणती ओळ घ्यायची? शून्याने भागता येत नाही. फार लहान संख्येने भागले तर दशांश तोडताना झालेली बारीकशी चूक फुगत जाते, उत्तर पार बिघडते. म्हणून संगणक त्या रकान्यातली मोठी संख्या असलेली ओळ वर घेतो. चूक किती वाढते हे इंग्लंडच्या विल्किन्सन यांनी १९६१ साली तपासले.

गाउस १८०७ पासून गटिंगेनच्या वेधशाळेचे प्रमुख होते. म्हाताऱ्या आईला त्यांनी २२ वर्षे आपल्याजवळ सांभाळले. २३ फेब्रुवारी १८५५ रोजी ते वारले. आज पुलाचा आराखडा करताना संगणक हजारो समीकरणे सोडवतो, त्यात त्यांचीच रीत असते.

— इयत्ता ४ थी